लस दिली, म्हणून मोजणी थांबवायची?

गोवर-रुबेलाची लस आता नऊ महिन्यांच्या बाळांना सर्रास मिळते. मग जन्मजात रुबेलाची बाळं हुडकून त्यांची नोंद ठेवण्यावर खर्च कशाला, असा सवाल केला जातो. सवाल करणारे बेजबाबदार नाहीत. पैसा तोकडा आहे, तो लशीवरच लागावा, पुरळाच्या रुग्णांची नोंद तर होतेच, असं त्यांचं म्हणणं. मला ते साफ अमान्य आहे.

पुरळाचंच आधी घेऊ. रुबेला झालेल्या कितीतरी जणांना काही जाणवतच नाही. गरोदर बाईला कळत नाही, घरच्यांना कळत नाही, आणि पहिल्या बारा आठवड्यांत विषाणूने गर्भाचे डोळे, कान, हृदय गाठलेलं असतं. पुरळ मोजून ही बाळं कशी सापडणार?

‘लस आहे ना’ हा दिलासा तर त्याहून धोक्याचा. ग्रीसने १९७५च्या सुमारास लस आणली, पण पुढची कित्येक वर्षं ती निम्म्या मुलांपर्यंतही पोचली नाही. लहानपणी होऊन जाणारा आजार तरुणपणावर ढकलला गेला आणि १९९३च्या साथीपायी २५ बाळं जन्मजात रुबेला घेऊन आली. अर्धवट लसीकरणाने आयांचाच धोका वाढवला, हे उघड झालं ते बाळं मोजली म्हणून. आपल्या महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८मध्ये गोवर-रुबेला लशीची मोहीम सुरू झाली ती नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. तेव्हा सतरा-अठराच्या असलेल्या मुली तिच्याबाहेर राहिल्या. त्या आज आया होताहेत.

मुळात रुबेलाचं हे रूप कळलं तेच बाळांवरून. १९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची माहिती जमवली. त्यांच्या बहुतेक आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला जर्मन गोवर, म्हणजेच रुबेला, होऊन गेला होता.

आजही वाट तीच आहे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात उजेड टाकला की बाहुलीत लालसर चमक दिसायला हवी; अशा बाळात तिथे दुधी पांढरेपणा दिसतो. शस्त्रक्रिया होते, मोतीबिंदू निघतो. तेवढ्यावर थांबलं, तर कान तपासायचे राहतात, आणि हे मूल वर्षभर विषाणू पसरवू शकतं, हे त्याला मांडीवर घेणाऱ्या गरोदर मावशीला कुणी सांगत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१६मध्ये निवडक रुग्णालयांत जन्मजात रुबेलाच्या बाळांचं सर्वेक्षण सुरू केलं. पुण्याचं केईएम त्यात होतं. ते तालुक्यापर्यंत न्यायला हवं. डॉक्टरहो, तान्ह्या बाळात मोतीबिंदू, हृदयाचा दोष किंवा बहिरेपण आढळलं, तर रक्ताचा नमुना रुबेलाच्या आयजीएम चाचणीला पाठवा, आणि तोही सहा महिन्यांच्या आत. त्यानंतर हा पुरावा पुसट होत जातो.