मातीतील मित्र

'जंतू' हा शब्द कानी पडताच आपल्या मनात प्रथम रोगाचीच आठवण जागी होते. परंतु ज्या विरजणाने एका रात्रीत दुधाचे दही होते, त्या विरजणात तरी काय असते? तेथेही जंतूच आपले काम करीत असतात. तेव्हा सर्वच सूक्ष्म जीवांना शत्रू समजणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्यातील मित्र ओळखून त्यांच्या साहाय्याने पिके राखावीत, असे माझे मत आहे.

माझ्या बालपणीची एक गोष्ट सांगतो. आमच्या शेतात हरभरा उत्तम आला होता. तो फुलावर आला आणि मधूनमधून काही झाडे माना टाकू लागली. पाणी कमी पडले असेल, या समजुतीने वडिलांनी पाणी दिले. तरीही झाडे वाळतच गेली. अखेर त्यांनी एक झाड उपटून विळ्याने मुळापासून उभे चिरले. आत काळपट तपकिरी रेघ दिसली. "मर लागली," एवढेच ते म्हणाले आणि बराच वेळ बांधावर बसून राहिले. त्या वर्षी आमच्या घरी डाळसुद्धा विकत आणावी लागली.

मर रोग फ्युजेरियम नावाच्या बुरशीमुळे होतो. ही बुरशी मुळांवाटे आत शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका निकामी करते. त्यामुळे जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते. शेतात हरभरा नसला, तरी ही बुरशी मातीत सहा वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते.

परंतु त्याच मातीत ट्रायकोडर्मा नावाची दुसरी एक हिरवट बुरशी नांदत असते. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखे घालून त्यांवरच आपली उपजीविका करते, हे वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने 1932 साली दाखवून दिले. ती झपाट्याने वाढते, मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच व्यापते आणि शत्रूच्या पेशींची भित्तिका विरघळविणारे रस सोडते. पेरणीपूर्वी दर किलो बियाण्यास 5 ग्रॅम ट्रायकोडर्माची भुकटी चोळावी व बियाणे सावलीत सुकवावे, एवढाच हा उपचार आहे.

कोणी म्हणेल, "रासायनिक औषधे असताना हा खटाटोप कशाला?" औषधांचा उपयोग मी नाकारीत नाही. तथापि बियाण्यास लावलेल्या औषधाचा प्रभाव हळूहळू ओसरतो. हा सजीव रक्षक मात्र अनुकूल परिस्थितीत मुळांच्या सान्निध्यात वाढत राहतो. अर्थात त्यालाही मर्यादा आहेत. वाळलेले झाड तो पुन्हा हिरवे करू शकत नाही. त्याला ओलावा हवा, शेणखतासारखे सेंद्रिय अन्न हवे. पुडा कडक उन्हात राहिला किंवा त्याची मुदत उलटली, तर आतील जीव मरतात व हाती नुसती भुकटी उरते. म्हणून केवळ त्याच्यावर विसंबून न राहता पिकांची फेरपालट करावी आणि 'विजय', 'दिग्विजय' यांसारखे मर रोगास दाद न देणारे वाण पेरावेत.

मित्र जोडावयाचा, तर त्याचा स्वभाव जाणून त्याची काळजी घ्यावी लागते. माणसांच्या बाबतीत जे खरे, तेच या सूक्ष्म जीवांच्या बाबतीतही खरे आहे.

बांधावर बसलेल्या माझ्या वडिलांजवळ हे ज्ञान नव्हते. तुमच्याजवळ ते आहे. तेव्हा मुलांनो, यंदा रब्बीची पेरणी निघेल, त्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांना नम्रपणे एवढेच विचारा, "बियाण्यास बीजप्रक्रिया केली का?"