पवनाकाठची एक रात्र

थंडीची चाहूल लागली की नवी मुंबईतील अनेक घरांत पवनाकाठी तंबूत राहायला जाण्याचे बेत शिजू लागतात. मावळातील पवना धरणाचा हा जलाशय वाशी-नेरूळपासून मोटारीने दोन-अडीच तासांवर आहे. घाटात कोंडी असेल तर थोडा अधिक वेळ लागतो. सभोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे किल्ले, काठावर ओळीने उभे केलेले तंबू आणि संध्याकाळी शेकोटी. गाडीतील जागा मोजल्या जातात आणि मग कोणीतरी हळूच म्हणते, "आजींना नाही झेपणार." आजीही लगेच म्हणतात, "मी कशाला? तुम्ही जाऊन या." हा संवाद आपण ऐकला असेल. कदाचित आजींच्या जागी बसून आपणच तो उच्चारला असेल.

न झेपणारे नेमके काय, याचा मात्र विचार होत नाही. हा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे; एवढ्या उंचीने प्रकृती स्थिर असलेल्या माणसाला श्वासाचा त्रास होत नाही. वाटेत एक-दोनदा उतरून पाय मोकळे केले तर प्रवासही जड जात नाही. खरी अडचण असते ती पहाटे तीनच्या सुमारास. वयानुसार रात्री लघवीसाठी एक-दोनदा उठावे लागते. घरी ती वाट पायांना पाठ असते. तंबूत मात्र जमिनीलगतच्या गादीवरून उठायचे, वाकून बाहेर पडायचे, अंधारात ताणलेल्या दोऱ्या चुकवायच्या आणि दवाने ओल्या झालेल्या उताराने स्वच्छतागृहापर्यंत जायचे. झोपेतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब क्षणभर उतरून भोवळ येऊ शकते. पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे यांची भीती या पंधरा-वीस पावलांत साठलेली असते. ती पावले सुरक्षित केली की निम्मी काळजी मिटते.

म्हणून जागा ठरवण्यापूर्वी तंबूवाल्यांना फोनवर चार प्रश्न विचारावेत. तंबूत खाट मिळेल का? स्वच्छतागृह किती पावलांवर आहे आणि तेथे कमोड आहे का? रात्रभर दिवा असतो का? मोटार तंबूच्या किती जवळ येते? उत्तरे समाधानकारक नसतील तर त्याच परिसरात पक्की खोली घ्यावी आणि संध्याकाळ तेवढी पाण्याकाठी घालवावी. तंबूच घेतला तर दोऱ्यांना पांढरे फडके बांधावे, उशाशी विजेरी आणि काठी ठेवावी. उठताना आधी मिनिटभर खाटेच्या कडेला बसावे, मगच उभे राहावे. चपलेऐवजी मागे पट्टा असलेली पादत्राणे घालावीत आणि विंचू-किड्यांसाठी ती आधी झटकून पाहावीत. घरी कमोडची खुर्ची असेल तर ती संकोच न करता सोबत न्यावी.

दुसरी गोष्ट थंडीची. मावळात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा कधी १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. नवी मुंबईच्या दमट हवेत मुरलेल्या शरीराला ही थंडी बोचते. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. कानटोपी, लोकरी मोजे आणि एकाऐवजी दोन पातळ स्वेटर हा साधा उपाय. पांघरण्याइतकेच अंथरणेही जाड असावे, कारण गारवा खालूनही येतो. मात्र ऊब हवी म्हणून कोळशाची सिगडी तंबूत कधीही आणू नये, निखारे विझत आले असले तरीही. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस जागा न होताच दगावू शकतो.

औषधे दोन दिवसांची अधिक घ्यावीत आणि ती दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. इन्सुलिन उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे; स्वतःच्या मनाने बंद करू नये. प्रोस्टेटची वाढ असलेल्या पुरुषांनी सर्दीची गोळी विचारल्याविना घेऊ नये, कारण काही गोळ्यांनी लघवी अडू शकते. जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे उजेडी विचारून ठेवावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. पण फोनला संकेत कोठे मिळतो तेही पाहून ठेवावे. आणि मोटार चालवू शकणाऱ्यांपैकी एकाने तरी त्या रात्री मद्याला स्पर्श करू नये.

काळजी घेणाऱ्यांसाठीही एक शब्द. अनेक घरांत एकच सून वा लेक रात्रभर कानोसा घेत पडून राहते आणि सहल संपते तेव्हा सर्वांत थकलेली तीच असते. रात्रीचे दोन भाग करून दोघांनी वाटून घ्यावेत, आणि हे घरून निघण्यापूर्वीच ठरवावे.

काहींनी मात्र मुक्काम टाळावा. अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, दम लागत असेल, रात्री ऑक्सिजन वा श्वसनयंत्र लागत असेल, किंवा स्मृतिभ्रंशामुळे अनोळखी जागी संध्याकाळनंतर गोंधळ उडत असेल, तर सकाळी जाऊन उन्हे उतरण्यापूर्वी परतावे. पाण्यात उतरण्याचा मोह कोणत्याच वयात नको; धरणाच्या काठी तळ एकाएकी खोल जातो आणि गाळात पाय रुततो.

शंका वाटत असेल तर आधी रंगीत तालीम करावी. नेरूळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' येथील सपाट वाटेवर, पाण्याकाठी एक संध्याकाळ काढून पाहावी: किती चालवते, किती वेळ बसवते, किती गारवा सोसतो. मग एका रात्री घरच्याच दिवाणखान्यात खाट टाकून, दिवे मालवून, विजेरीच्या उजेडात उठून पाहावे. जे अडखळते ते तेथेच कळते.

एवढे झाल्यावर आजींना पुन्हा विचारा. पहिल्या नकारात बहुधा "माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको" हा संकोच असतो. खाट आहे, दिवा आहे, रात्री सोबतीला कोण उठणार हे ठरले आहे, असे सांगून विचारले तर उत्तर वेगळे येऊ शकते. त्यानंतरही त्या नाही म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय, आणि तो आपण मानावा. हो म्हणाल्या तर पहाटे पाण्यावरचे धुके विरत असताना, तिकोन्याच्या माथ्यावर पहिले ऊन येताना, त्यांच्या हाती गरम चहाचा पेला द्यावा आणि शेजारी निवांत बसावे.