खांद्याला झेपेल तेवढीच लेन्स



ताडोबाच्या सफारीला मोबाइल नेता येत नाही, हे आता आपल्या चंद्रपुरात घरोघरी माहीत झाले आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांचा पहिला हिरमोड गेटवरच होतो. कॅमेरा मात्र चालतो. त्यामुळे ज्यांनी आजवर मोबाइलशिवाय कशानेच फोटो काढला नाही, अशा बायकाही हल्ली कॅमेऱ्याची चौकशी करू लागल्या आहेत. आमच्या घरी मिररलेस कॅमेरा आहे म्हणून ती चौकशी माझ्यापर्यंत येते. प्रश्न ठरलेला असतो : "कॅमेरा घेतला, पण सोबत आलेल्या छोट्या लेन्समधून वाघ मुंगळ्याएवढा दिसतो. आता लांबची लेन्स कोणती घ्यावी?" आणि लगेच पुढचे वाक्य : "दुकानदार म्हणतो, घ्यायचीच तर मोठी घ्या, पुन्हा पुन्हा थोडीच घेणार आहात."

मला हे पटत नाही. हौसेने जंगलात जाणाऱ्या, वर्षातून पाच-दहा वेळा कॅमेरा बाहेर काढणाऱ्या घरच्या माणसाने साधारण साडेसहाशे ग्रॅमपर्यंतची, बेताच्या किमतीची झूम लेन्स घ्यावी आणि तिथेच थांबावे. परवडत नाही म्हणून नव्हे. परवडत असेल तरीही.

आधी आकडे पाहू, कारण दुकानात आकड्यांनीच आपल्याला घाबरवतात. लेन्सवर ४००, ६०० असे लिहिलेले असते ते मिलिमीटर. पण समोरचे किती दिसणार हे एकट्या त्या आकड्यावर ठरत नाही. कॅमेऱ्यातला सेन्सर किती मोठा, यावरही ठरते. आपण घेतो त्या बेताच्या मिररलेसमध्ये बहुधा एपीएस-सी नावाचा लहान सेन्सर असतो. कॅननमध्ये तो सव्वाबावीस मिलिमीटर रुंद, निकॉन-सोनीत साडेतेवीसच्या आसपास. फुल फ्रेम म्हणतात तो छत्तीस. आता साधे त्रैराशिक मांडा. वाघ पन्नास मीटरवर आहे. कॅननच्या लहान सेन्सरवर ४०० मिलिमीटरची लेन्स लावली तर चौकटीत सुमारे पावणेतीन मीटर रुंदीची जागा मावते, म्हणजे आडवा चालणारा वाघ शेपटीसकट चौकट भरून टाकतो. फुल फ्रेमवर ६०० मिलिमीटरची लेन्स लावली तर तीन मीटर मावते. म्हणजे जवळजवळ तेवढेच! आता वजने बघा. कॅननची आरएफ १००-४०० ही ६३५ ग्रॅमची आहे. सोनीची २००-६०० आहे २११५ ग्रॅमची. मोठ्या सेन्सरचे चित्र अंधारात जास्त स्वच्छ येते, मोठी काच जास्त उजेड घेते, हे खरे आहे आणि ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. पण "लहान लेन्समध्ये वाघ दिसतच नाही" हे खरे नाही.

वजनाबद्दल पुरुषमंडळींशी बोलून उपयोग नाही असे माझे मत झाले आहे. दोन किलो म्हणजे काय, असे ते म्हणतात. दोन किलो साखर पिशवीतून आणणे वेगळे आणि तेवढेच वजन डोळ्यासमोर दोन्ही हातांत धरून, जिप्सी खड्ड्यातून जात असताना, दहा मिनिटे स्थिर ठेवणे वेगळे. साठीनंतर खांदा, मनगट आणि मान तिन्ही कुरकुरतात. आमच्या जाऊबाईंचा खांदा आखडलेला आहे, त्यांना कॅननचा आर१० आणि ही १००-४०० मिळून एक किलोच्या थोडे वर, इतकेच झेपते. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी निकॉनचा झेड५० आणि त्याची ५०-२५० मिलिमीटरची लेन्स आहे. दोन्ही मिळून साडेआठशे ग्रॅम. तिची पोहोच कमी आहे. ४०० ला वाघ पन्नास मीटरवर जितका दिसतो, तितका २५० ला तीस मीटरवर. पण ती लेन्स घरी कपाटात राहत नाही, सोबत जाते.

सोनीवाल्यांसाठी ७०-३५० मिलिमीटरची ६२५ ग्रॅमची लेन्स आहे, ती चांगलीच आहे पण महाग पडते. टॅमरॉनची ७०-३०० ही ५४५ ग्रॅमची आणि स्वस्त आहे. तिच्याबाबत एक गोष्ट विचारूनच घ्या : तिच्यात हाताचा कंप सावरणारी यंत्रणा नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीतही ती नसेल तर मग कुठेच नाही, आणि आपल्या वयात हात थरथरतोच. ऑलिम्पसच्या ७५-३०० मध्येही ती नाही, पण त्यांच्या बॉडीत असते म्हणून तिथे चालून जाते. ४२३ ग्रॅममध्ये तिची पोहोच कॅननच्या ४०० च्या जवळ जाते, कारण त्यांचा सेन्सर आणखी लहान आहे.

आता या हलक्या लेन्सांचे उणे. दुकानदार ते सांगत नाही, कारण त्याला मोठी विकायची असते तेव्हा तो तेवढेच सांगतो आणि लहान विकायची असते तेव्हा गप्प बसतो. उणे म्हणजे उजेड. कॅननची १००-४०० पूर्ण लांब केली की तिचे तोंड एफ/८ इतकेच उघडते. एफ/५.६ च्या लेन्सपेक्षा निम्मा उजेड. आणि वाघ निघतो कधी? झुंजूमुंजू झाल्यावर नाहीतर दिवस मावळताना. पहाटे बांबूच्या बेटात शिरलेली वाघीण एफ/८ ला टिपायची तर आयएसओ खूप वाढवावा लागतो आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. पूर्वीच्या आरशाच्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांचा फोकस एफ/८ ला चाचपडायचा किंवा चालायचाच नाही. मिररलेसमध्ये ती अडचण गेली, म्हणून तर कंपन्यांना अशा हलक्या लेन्स काढता आल्या. दाणे मात्र राहिलेच. ते कमी करणारी सॉफ्टवेअर आता चांगली आहेत, पण मला विचाराल तर सूर्य वर आल्यावर पाऊणएक तासात जे मिळेल ते घ्यावे. आपली नवकारशीही सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनीच पारायची असते. सकाळच्या सफारीत ती आपोआप सांभाळली जाते, आणि ती पारायची वेळ होते तेव्हा एफ/८ पुरेल इतके ऊनही आलेले असते. (दुपारच्या सफारीत उलटे. गेटबाहेर येईपर्यंत सूर्यास्त होत आलेला असतो, चौविहार असणाऱ्यांनी निघण्याआधीच जेवून घ्यावे.)

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षांवर लोटली, पण घसारा काढायची सवय गेली नाही. लेन्सची खरी किंमत बिलावर नसते. घेतलेल्या किमतीतून पुढे विकून येईल ती रक्कम वजा करा आणि जितके दिवस प्रत्यक्ष वापराल त्या दिवसांनी भागा. समजा साठ हजारांची लेन्स पाच वर्षांनी तीस हजारांना गेली, आणि वर्षाला बारा दिवस वापरली. तीस हजार भागिले साठ दिवस, म्हणजे दिवसाला ५०० रुपये. आता अडीच लाखांची धरा, पाच वर्षांनी दीड लाखाला गेली असे उदार मनाने धरा. दिवसाला १६६६ रुपये झाले. शिवाय वरचे एक लाख नव्वद हजार मुदत ठेवीत सात टक्क्यांनी असते तर वर्षाला १३,३०० व्याज आले असते. ते बारा दिवसांवर वाटले की आणखी ११०८. दिवसाला पावणेतीन हजारांवर गेले. ते घरातल्या कोणाला सांगून बघा. ज्यांना एखाद्याच वेळी मोठी लेन्स हवी, त्यांनी ती भाड्याने आणावी. आणि कोणतीही घ्या, पक्के बिल मागा. बिनबिलाच्या आयात मालात जीएसटीचे १८ टक्के वाचतात असे सांगतात, पण मग वॉरंटी कुठली? दुरुस्तीची सोय नागपुरात आहे की थेट मुंबईला पाठवावी लागेल, हेही त्याच वेळी विचारा.

हिशोब इथे संपतो, पण माझा मुद्दा संपत नाही. आपल्या बारा व्रतांत पाचवे अणुव्रत परिग्रह परिमाणाचे. आपण ते सोने, जमीन, साड्या यांच्यासाठी लावतो. छंदाच्या वस्तूंना मात्र कुणी मोजत नाही, जणू छंद म्हटला की तो परिग्रहात धरायचाच नाही. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची ओळख वस्तूवरून दिलेली नाही, वस्तूवरच्या आसक्तीवरून दिली आहे. कॅमेऱ्याच्या छंदात ही आसक्ती फार लवकर लागते. २५० आहे त्याला ४०० हवी, ४०० आहे त्याला ६०० हवी. म्हणून खरेदीच्या आधीच वहीत लिहून टाकावे : एक बॉडी, दोन लेन्स. तिसरी आली तर एक जाईल.

आसक्ती लेन्सपुरती राहत नाही, ती जंगलात उतरते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्हीकडून आलेल्या सफारीच्या गाड्यांमध्ये कोंडले गेले. त्याचा व्हिडिओ पसरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मोठ्या लेन्सच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी करतात की पोहोच जास्त असली की गाडी जवळ न्यावी लागत नाही. कागदावर ठीक आहे. पण माझ्या पाहण्यात, जिप्सीच्या चालकाला "थोडी पुढे घे, थोडी पुढे घे" म्हणणारे बहुतेक वेळा मोठ्या लेन्सवालेच असतात, कारण एवढा खर्च करून अख्खा वाघ मिळाला तर त्यांना आता मिशा हव्या असतात. ४०० मिलिमीटरवर पन्नास मीटरवरचा अख्खा वाघ येतो. याहून जवळ जायचे कारण मला तरी कळत नाही. तो लांब असेल तर लांबचा फोटो घ्यावा, त्यात तळे येते, मोहाचे झाड येते, वाघ कुठे राहतो ते दिसते. मिररलेसचा आवाज बंद करता येतो, तो बंदच ठेवा. शेजारच्या गाडीतल्या शटरचा खडखडाट ऐकून चितळ मान वर करते, हे आपण पाहिलेच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या चंद्रपूरच्या माणसाला सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. नऊ-दहानंतर ताडोबा तलावाच्या पलीकडच्या काठाकडे पाहिले तर हवा पाण्यासारखी हलत असते. त्या हलत्या हवेतून काढलेला फोटो कितीही महागड्या लेन्सचा असो, पुसटच येतो. लांबचे जास्तीचे मिलिमीटर तिथे हवा खाऊन टाकते. आणि धूळ! मिररलेसची लेन्स काढली की आतला सेन्सर उघडा पडतो, म्हणून मोहर्लीच्या रस्त्यावर लेन्स बदलायचीच नाही. एकच झूम लावून निघायचे. हलक्या लेन्सांना धूळ-पाण्यापासून संरक्षण बहुधा नसते, कॅननच्या १००-४०० ला नाही. जुनी सुती ओढणी वरून टाकली की काम भागते. तिवई जिप्सीत उभी राहत नाही. त्यापेक्षा जुन्या साडीची पिशवी शिवून गाडीच्या दांड्यावर ठेवा, तिच्यावर लेन्स टेकवा. लोक तिच्यात तांदूळ नाहीतर राजमा भरतात. आपण भरू नये, पोरकिडे होतात. थर्माकोलचे मणी भरावेत.

गडचिरोलीकडे जाणार असाल तर हिशोब थोडा बदलतो. कमलापूरच्या हत्ती कॅम्पमध्ये हत्ती इतका जवळ असतो की १०० मिलिमीटरलाही त्याचा कानच येतो. तिथे ५० पासून सुरू होणारी लेन्स बरी. आलापल्लीच्या जुन्या सागांचेही तसेच, ते उंच झाड चौकटीत बसवायला कॅमेऱ्यासोबत आलेली छोटी लेन्सच लागते. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून जिल्ह्यात आलेल्या रानहत्तींच्या मागे मात्र कोणतीच लेन्स घेऊन जाऊ नका.

वाघ नाही दिसला तर पैसे वाया गेले, हेही मी मानत नाही. विमलनाथांचा वराह, शांतिनाथांचे हरीण, अभिनंदननाथांचे वानर, सुविधिनाथांची मगर, मुनिसुव्रतांचे कासव, ही लांछने एकट्या ताडोबात हलक्या लेन्सने मिळतात. वासुपूज्यांचा महिष हवा असेल, तर रानम्हशींसाठी राखलेले कोलामार्का गडचिरोलीतच आहे. मुलांना मंदिरात लांछने ओळखायला शिकवताना हे फोटो फार उपयोगी पडतात. घराजवळच्या उंबरावर हरियाल येतात, आपला राज्यपक्षी. जे पाच उदुंबर आपल्याला वर्ज्य, ते त्यांचे ताट. कॅननची लेन्स मीटरभरावरूनही फोकस करते, म्हणून तुळशीवरच्या फुलपाखराला हात न लावता ते नीट बघता येते.

पावसाळ्यात ताडोबाचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद असतो. तेव्हा आपला चातुर्मास चालू असतो आणि लेन्स कपाटात असते. याच तीन महिन्यांत काचेला बुरशी धरते, आणि ती आत शिरली की साफसफाईला लेन्सच्या किमतीचा मोठा वाटा जातो. खाखऱ्याला आणि पापडाला फुगी येऊ नये म्हणून आपण जे करतो तेच इथे करायचे. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा आत. तो तवा स्वयंपाकाचा नको, वेगळा ठेवा. कंपनीची किंवा दुकानातली चामड्याची पिशवी मिळाली तर ती घेऊ नका, ती दमट हवा धरूनही ठेवते. सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, आणि दर पंधरा दिवसांनी, चतुर्दशीला आठवण राहते म्हणून मी ती धरली आहे, लेन्स काढून थोडा वेळ सकाळच्या उजेडात ठेवा.