बहिणाबाईंची गाणी बहिणाबाईंचीच

बहिणाबाई चौधरींची गाणी खरं तर त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी लिहिली, ही कुजबुज मी जळगावात ऐकली आहे, धुळ्यातही ऐकली आहे. छापून लिहायची हिंमत क्वचितच कुणी करतो. जयंतीच्या व्यासपीठावर सगळे बहिणाबाईंचं नाव घेऊन गहिवरतात आणि खाली उतरून चहा घेताना म्हणतात, "बाई निरक्षर होती हो, कसं शक्य आहे?" मला या वाक्याची चीड आहे.

शक्य कसं ते सांगतो. असोद्याच्या महाजनांच्या घरात 1880 साली जन्मलेली ही मुलगी तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरीवाड्यात सून म्हणून आली. तिशीत विधवा झाली. पदरात तीन मुलं, पुढ्यात शेत. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी आणि पहाटेचं घरोट, म्हणजे जातं. गाणं या कामांतच जुळत गेलं. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तेवढं टिपून घेतलं, उरलेलं हवेत गेलं. 3 डिसेंबर 1951 रोजी बाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं.

आता शंकेखोरांनी एक काम करावं. सोपानदेवांची 'काव्यकेतकी' एका हाताला ठेवावी आणि आईची गाणी दुसऱ्या हाताला. सोपानदेव चांगले कवी होते, पण त्यांची कविता प्रमाण मराठीतली, त्या काळच्या छापील कवितेच्या वळणाची आहे. आईच्या गाण्यात खळं आहे. धान्य उपणणारी बाई वाऱ्याची वाट कशी पाहते, घरोट फिरवताना मनात काय काय दळलं जातं, हे तिथे आतून आलेलं आहे. बांधावर उभं राहून पाहणाऱ्याला ते सुचत नाही. शिवाय 1952 नंतर सोपानदेव तीस वर्षं जगले. एवढी कीर्ती समोर असताना त्यांनी तिच्यावर हक्क सांगितला नाही. मुलगा नाही म्हणतो, आणि तुम्ही त्याच्या गळ्यात हार घालता?

अमेरिकेत याच्या नेमकं उलट घडलं. लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात 1933 साली लोकगीतं गोळा करणारे जॉन लोमॅक्स आणि त्यांचा मुलगा अ‍ॅलन यांना लेड बेली हा ब्लूज गाणारा काळा कैदी भेटला. पुढे त्याच्या 'गुडनाइट आयरीन' या गाण्यावर सहकर्ता म्हणून जॉन लोमॅक्सचंही नाव लागलं. गोळा करणाऱ्या गोऱ्यानं गाणाऱ्याच्या मालकीत वाटा घेतला. आपल्याकडे टिपून घेणाऱ्यानं सगळं श्रेय आईला दिलं, तर आपणच ते ओढून पुन्हा त्याच्या नावावर चढवायला निघालो. दोन्हीकडे समज एकच: लिहिता येतं त्याला बुद्धी, बाकीच्यांना फक्त गळा.

बहिणाबाईंना 'चमत्कार' म्हणणारे भक्तही याच समजुतीचे. चमत्कार म्हटलं की बाईची मेहनत, तिचं निरीक्षण, तिची परंपरा, काहीच मोजावं लागत नाही. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर आणि कानबाईच्या उत्सवाच्या रात्री गाणाऱ्या बायकांच्या पिढ्या खानदेशात होऊन गेल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बहिणाबाई या डोंगररांगेतलं सर्वांत उंच शिखर आहेत, आकाशातून पडलेला दगड नाहीत.

एक प्रश्न मात्र रास्त आहे. बोलीतलं गाणं वहीत आणि वहीतून छापखान्यात जाताना किती बदललं? हा संपादनाचा प्रश्न आहे, कर्तेपणाचा नाही. त्याचं उत्तर पाठभेदांसह, लेवा गणबोलीच्या उच्चारांसह काढलेल्या चिकित्सक आवृत्तीतून मिळेल. आपण मात्र बहिणाबाई अहिराणीच्या की लेवा बोलीच्या यावर भांडण्यात पिढ्या घालवतो. यावल-रावेर-भुसावळकडची लेवा बोली आणि धुळ्याकडची अहिराणी या वेगळ्या आहेत आणि बाईंची बोली लेवा आहे, हे एकदा मान्य करून पुढे चला. अहिराणीचं त्यानं काही कमी होत नाही.

2018 साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. ज्या बाईला पाटी मिळाली नाही तिचं नाव पदवीवर छापलं जातं, ही मोठी गोष्ट आहे. ती खरी ठरवायची तर विद्यापीठानं ती चिकित्सक आवृत्ती करावी, आणि असोद्यापासून शिरपूरपर्यंत ज्या म्हाताऱ्या अजून गातात त्यांचा आवाज त्यांच्या नावागावासह जपून ठेवावा. आणि ज्यांना अजूनही सोपानदेवच कर्ते वाटतात त्यांनी पुरावा घेऊन चारचौघांत बोलावं. बाई निरक्षर होती, हा पुरावा होत नाही.