गायनाची पदवी आणि गायनाची विद्या

मुलगा वकील व्हावा, डॉक्टर व्हावा, निदान हिशेबनीस तरी व्हावा, म्हणून ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील गृहस्थ पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. पण त्याच मुलाने ‘मी विद्यापीठात गायन शिकतो’ असे म्हणताच घरावर सुतकी कळा येते. करमणूक म्हणून गाणे सर्वांस हवे, विद्या म्हणून मात्र ते नको, ही विसंगती आमच्या शहरांस शोभत नाही.

१९२६ साली कल्याणात गायन समाज स्थापन झाला. त्याच साली, वकिलीची सनद असलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीने लखनौस संगीत महाविद्यालय निघाले. लखनौच्या त्या रोपाचे आज विद्यापीठ झाले आहे. इकडे मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९ साली निघाला, तो मुंबईत. कल्याणाहून बोरीबंदर ५० किलोमीटरांहून अधिक दूर. सकाळच्या गाडीत तंबोरा घेऊन एकदा चढून पाहावे, म्हणजे हे अंतर किती ते समजेल.

कोणी म्हणतील, गाणे गुरूपाशीच येते. वर्गात बसून कोणी गवई झाला आहे काय? ह्या आक्षेपात अर्धे सत्य आहे. परंतु गुरुगृहाचे दार ज्यास उघडले नाही, त्याने काय करावे? पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, ते हे दार सर्वांस उघडावे म्हणूनच. विद्यापीठाने तेच कार्य पुढे न्यावयाचे आहे.

उरलेले अर्धे सत्य मात्र विद्यापीठांनी ऐकावे. हुंडीचे नियम पाठ करून कोणी सावकार होत नाही. पेढीवर बसावे लागते. तसेच रागाचे आरोह-अवरोह कागदावर उतरून कोणी गायक होत नाही. म्हणून आमचे तीन गोष्टींविषयी आग्रहाचे सांगणे आहे. परीक्षेत मुख्य भार प्रत्यक्ष गायनवादनावर असावा, आणि ते बाहेरच्या जाणत्या कलावंतांनी ऐकावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत गुरूपाशी शिकलेल्या, आकाशवाणीच्या ‘अ’ श्रेणीच्या कलावंतास अध्यापकपदाची वाट ठेविली आहे. त्या वाटेने खरे गवई वर्गात आणावेत. आणि ठाणे व कल्याण येथे विद्यापीठाची उपकेंद्रे आहेत, तेथे गायनवादनाचे पदवीवर्ग चालवावेत.

पदवी मिळाली म्हणजे मैफली मिळतील, असे आम्ही म्हणत नाही; तशी हमी वकिलीतही नाही. अध्यापन, आकाशवाणी, रंगभूमी, ध्वनिमुद्रण असे उपजीविकेचे मार्ग मात्र आहेत.

व्यापारी बंधूंस एकच विनंती. उत्सवातील कर्ण्यांवर जो पैसा उडतो, त्याचा दहावा हिस्सा जरी गाणाऱ्या गरीब मुलामुलींच्या शिष्यवृत्तीस लागला, तरी कानही वाचतील आणि विद्याही वाचेल.