गाईच्या कानात नंबर, टँकरवर जीपीएस. मग दुधाचा माग कुठे हरवतो?

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान सुरू केलं. त्याच वर्षी जुलैपासून ते पुन्हा दिलं गेलं आणि ऑक्टोबरपासून त्याचे ७ रुपये झाले. डेअरीने किमान २८ रुपये द्यायचे आणि वरचे ७ सरकारने थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाकायचे, असा तो हिशेब होता.

पण खात्यात पैसे यायचे तर तीन गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्या होत्या: शेतकऱ्याचं आधार, त्याचं बँक खातं आणि त्याच्या गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. यातलं एक जरी जुळलं नाही, तरी अर्ज अडकला. गाय खरी, दूध खरं, शेतकरीही खरा. तरीही नुसती माहिती चुकीची भरली गेली म्हणून पैशांसाठी वाट बघावी लागलेले लोक तुमच्या गावातही असतील.

दुधाच्या धंद्यात ट्रॅकिंग आलं म्हणजे काय झालं, हे यावरून कळायला लागतं. मशीन, ॲप, जीपीएस, चिप असं बरंच काही आलंय. प्रश्न एवढाच की या सगळ्याची नजर नेमकी कुणावर आहे?

कानातला पिवळा बिल्ला काय सांगतो?

गाई-म्हशींच्या कानात दिसणाऱ्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर आणि बारकोड असतो. लोक त्याला जनावराचं आधार म्हणतात. तो नंबर केंद्र सरकारच्या ‘भारत पशुधन’ या प्रणालीत नोंदवलेला असतो. जनावर कुणाचं, वय किती, लस कधी टोचली, रेतन कधी झालं, ही माहिती त्या नंबरखाली जमा होते. लाळ्या-खुरकतच्या लसीकरणात या बिल्ल्यांचा मोठा उपयोग होतो.

मात्र हा बिल्ला इलेक्ट्रॉनिक नाही. त्यात चिप नाही, तो कुठलाही सिग्नल देत नाही. कुणीतरी गोठ्यात जाऊन, कान धरून, नंबर वाचून किंवा बारकोड स्कॅन करून माहिती भरतो, तेव्हाच ती कंप्युटरवर दिसते. गाय विकली आणि नवीन मालकाची नोंद झाली नाही, तर कागदावर ती जुन्याच दावणीला राहते.

अमेरिकेने नोव्हेंबर २०२४ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या दुभत्या जनावरांसाठी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाचता येणारे टॅग सक्तीचे केले. त्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या गाईंमध्ये बर्ड फ्लूचा विषाणू सापडला होता. कुठली गाय कुठून कुठे गेली हे पटकन शोधणं किती महत्त्वाचं आहे, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. नियमाची तयारी त्याच्या आधीपासून चालू होती, हेही खरं.

आपल्याकडेही चिपवाल्या गाई आहेत, पण त्या मोठ्या फार्मवर. तिथे गाय दूध काढायच्या जागेवर आली की यंत्र तिला ओळखतं आणि तिचं दूध आपोआप तिच्या नावावर मोजलं जातं. दोन-चार गाईंच्या गोठ्यात असं काही होत नाही. तिथे सगळ्या गाईंचं दूध एकाच किटलीत जातं. म्हणून बिल्ला फार तर ‘या शेतकऱ्याकडे गाय आहे’ एवढंच सिद्ध करतो. आज सकाळचं १२ लिटर दूध तिचंच आहे, हे तो सांगू शकत नाही. कुठल्या केंद्रावर गाई कमी आणि दूध जास्त दिसतंय, हे मात्र त्यावरून ताडता येतं. भेसळ पकडायची असेल तर तेवढाही धागा कमी नाही.

खरा हिशेब होतो तो संकलन केंद्रावर

सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन शेतकरी केंद्रावर जातो. दूध इलेक्ट्रॉनिक काट्यावर ओततात. छोटा नमुना मशीनला लावतात आणि अर्ध्या-एक मिनिटात फॅट आणि एसएनएफ स्क्रीनवर येतं. फॅट म्हणजे स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे ते सोडून राहणारे घन पदार्थ, त्यात प्रथिनं, दुधातली साखर आणि खनिजं येतात. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगितला जातो. त्यापेक्षा कमी भरलं की पॉइंटप्रमाणे पैसे कापले जातात. काटा, मशीन, कंप्युटर आणि प्रिंटर एकमेकांना जोडलेले असले की पावती निघते, मोबाइलवर मेसेज येतो आणि दहा दिवसांनी बिल तयार होतं.

ही सुधारणा छोटी नाही. पूर्वी वहीत पेन्सिलने लिहिलेला आकडा हाच पुरावा होता. वही कुणाच्या हातात, त्याचा शब्द खरा.

आता पावती आली, पण मशीन बरोबर आहे का? गावोगावी वापरली जाणारी बरीच मशीन अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींवर चालणारी असतात. दुधात हवेचे बुडबुडे राहिले, मशीन नीट धुतलं नाही, गाईच्या दुधाला म्हशीचं सेटिंग राहिलं किंवा मशीन वेळच्या वेळी प्रमाणित केलं नाही, तर आकडा हलतो. एक पॉइंट म्हणजे ०.१. समजा पॉइंटमागे ३० पैसे कापले जातात आणि मशीन एसएनएफ दोन पॉइंट कमी दाखवतंय. रोज दोन वेळचं मिळून ४० लिटर घालणाऱ्याचे दिवसाला २४ रुपये गेले, महिन्याला ७२०. मशीन तेवढंच जास्त दाखवत असेल, तर तोटा डेअरीचा. त्यामुळे मशीन तपासून घेण्याची घाई कुठल्या चुकीच्या वेळी होते आणि कुठल्या वेळी होत नाही, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

काट्याचं गणित याहून बारीक आहे. काटा लिटरचा एकच दशांश दाखवत असेल आणि पुढचा आकडा सोडून देत असेल, तर प्रत्येक वेळी सरासरी ५० मिली दूध हिशेबाबाहेर राहतं. एका शेतकऱ्याचे महिन्याचे जेमतेम तीन लिटर. पण १५० शेतकऱ्यांच्या केंद्रावर हेच दूध महिन्याला ४५० लिटर होतं. म्हणूनच दूध उत्पादकांच्या संघटना काटे आणि मिल्कोमीटर यांची सरकारी तपासणी व्हावी, अशी मागणी सतत करत आल्या आहेत. ही मागणी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. शेतकऱ्याला मशीन हवंच आहे. मशीनवर नजर ठेवणारं कुणीतरी हवं, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

इथून पुढे गाय दिसेनाशी होते

केंद्रावर ५०-१०० घरांचं दूध एकत्र होतं. तिथून ते बल्क कूलरमध्ये जातं आणि ४ अंशांपर्यंत थंड केलं जातं. मग अनेक गावांचं दूध टँकरमध्ये, टँकरमधून डेअरीच्या मोठ्या टाक्यांमध्ये, तिथे पाश्चराइझ होऊन पिशवीत. तुमच्या घरी आलेल्या अर्धा लिटरच्या पिशवीत कदाचित हजारो गाईंचं दूध आहे. ‘हे दूध कुठल्या गाईचं?’ या प्रश्नाला नेहमीच्या पिशवीसाठी उत्तर असूच शकत नाही. ते उत्तर देणारा ब्रँड एक तर एकाच फार्मचं दूध विकतो किंवा जाहिरात करतो.

पण ‘ही पिशवी कुठल्या बॅचची, त्या बॅचमध्ये कुठले टँकर आले, त्या टँकरमध्ये कुठले कूलर रिकामे झाले?’ याचं उत्तर मिळू शकतं आणि मिळायलाच हवं. बाजारातून खराब माल परत बोलवायचे नियम आपल्याकडे २०१७ पासून आहेत. ते पाळायचे तर ही साखळी उलटी चालता आली पाहिजे.

त्यातला सगळ्यात नाजूक टप्पा टँकरचा. २०१४ मध्ये तमिळनाडूत ‘आविन’ या सरकारी सहकारी ब्रँडसाठी जाणाऱ्या टँकरमधून वाटेत दूध काढून पाणी भरलं जात असल्याचं उघड झालं आणि तपास राज्याच्या गुन्हे शाखेकडे गेला. म्हणून आता टँकरवर जीपीएस असतं, झाकणांना सील किंवा इलेक्ट्रॉनिक कुलूप असतं, काही ठिकाणी आत तापमान मोजणारा सेन्सरही असतो. टँकर ढाब्यावर ४० मिनिटं का थांबला, हे ऑफिसात बसून विचारता येतं.

जीपीएसला गाडी दिसते, दूध दिसत नाही. दूध पकडतो तो डेअरीतला जुना, कंटाळवाणा हिशेब: किलो फॅट. समजा कूलरवरून १०,००० किलो दूध ३.८ फॅटने निघालं आणि डेअरीत १०,००० किलोच उतरलं, पण ३.६ फॅटने. वजन जुळलं, तरी २० किलो फॅट वाटेत गायब आहे. जीपीएसचा नकाशा आणि हा हिशेब शेजारी ठेवला, तरच ट्रॅकिंगला अर्थ येतो.

आपण, पिणाऱ्यांनी, याची काळजी का करायची?

दुधाची भीती म्हटलं की युरिया आणि डिटर्जंटचे व्हिडिओ फिरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने घेतले. त्यात भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने होते १२. अफ्लाटॉक्सिन एम १ मर्यादेपेक्षा जास्त असलेले ३६८, म्हणजे जवळपास ५.७ टक्के.

अफ्लाटॉक्सिन कुणी दुधात मिसळत नाही. ओलसर जागेत ठेवलेल्या मक्याला, शेंगदाणा किंवा सरकी पेंडीला बुरशी येते, ती गाईच्या पोटात जाते आणि दिवसभरात दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही. पण चारा बदलला की तीन-चार दिवसांत दूध पुन्हा चांगलं होतं. म्हणजे वेळेत कुठला कूलर, कुठलं गाव, कुठलं पशुखाद्य हे कळलं, तर कुणालाही तुरुंगात न टाकता प्रश्न सुटू शकतो. ट्रॅकिंगचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि आज त्याचा सगळ्यात कमी वापरही इथेच होतो. फॅट रोज दोनदा तपासतात, कारण त्यावर पैसे ठरतात. बुरशीचं विष शेतकऱ्याच्या पावतीवर कधीच येत नाही. त्याच्या पेंडीत दोष आहे, हे त्याला कुणी सांगतच नाही.

शिवाय प्रत्येक डेअरीचं सॉफ्टवेअर वेगळं. महाराष्ट्रात संकलनाचा मोठा वाटा खासगी डेअऱ्यांकडे आहे आणि एकीची नोंद दुसरीला दिसत नाही. समजा एका डेअरीच्या गेटवर टँकरचा नमुना नापास झाला आणि टँकर परत पाठवला गेला. पाठवणाऱ्या डेअरीच्या कंप्युटरवर ‘नाकारला’ एवढी नोंद राहते आणि तिच्यापुरता विषय संपतो. टँकरमध्ये दूध तसंच आहे, जीपीएस चालू आहे, गाडी हायवेला लागली आहे. पुढच्या गेटवरच्या माणसाला मात्र यातलं काहीच माहीत नाही.