मागच्या दिव्यातले पाणी

पावसाळ्याचे पहिले दोन-चार जोरदार झोड पडून गेले, की मोटारीच्या मागच्या लाल दिव्यात आतून धुकट थर धरलेला किंवा तळाशी बोटभर पाणी साचलेले पुष्कळांच्या नजरेस पडते. नजरेस पडते आणि तेथेच राहते. दिवा लागतो आहे ना, मग त्यात हात कशाला घाला, असा विचार त्यामागे असतो. दोन रुपयांचा फरक लागला तरी खतावणी पुन्हा तपासणारी माणसे या बाबतीत मात्र कमालीची उदार होतात.

धुके आणि पाणी यांत प्रथम भेद केला पाहिजे. दिवा हा पूर्ण बंद डबा नसतो. आतली हवा तापून पसरते, थंड होऊन आकसते, म्हणून त्याला श्वास घेण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. दमट हवेत त्यामुळे आत बाष्प जमते आणि दिवा काही वेळ लागला किंवा ऊन पडले की ते विरून जाते. एलईडी दिव्यांची काच फारशी तापत नाही, त्यामुळे तेथे हे धुके अधिक वेळ रेंगाळते. त्याला दोष म्हणू नये. थेंब ओघळू लागले, तळाशी पाणी हिंदकळू लागले, तर मात्र दिवा गळतो आहे हे निश्चित समजावे.

या गळतीचा खरा धोका होल्डरला आहे. ओलाव्याने पितळी पट्ट्यांवर हिरवट क्षार चढतो, अर्थिंगचा जोड गंजतो आणि मग ब्रेक दाबला असता सिग्नलचा दिवा मंद पेटावा, असले चमत्कार सुरू होतात. अखेरीस एके दिवशी ब्रेकचा दिवा लागतच नाही. चालकाला त्याची वार्ताही नसते, कारण स्वतःच्या गाडीची पाठ कोणाला दिसत नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाने मागून येणारी गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर अंतर कापते. खंबाटकी घाटात, भर पावसात, रात्रीच्या वेळी पुढची गाडी थांबते आहे हे तिला एक सेकंद उशिरा कळणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

दुरुस्तीचा सर्रास चालणारा उपाय म्हणजे दिव्याभोवती बाहेरून सिलिकॉन थापणे. हा उपाय घातकच आहे. त्याने मूळ भेग सापडत नाही आणि श्वासाची छिद्रे मात्र बुजतात, म्हणजे आत शिरलेले पाणी कायमचे कैद होते. याच्या उलट, तळाला भोक पाडून पाणी काढून देणारेही आहेत. त्या भोकातून मागच्या चाकाने उडवलेला चिखल आत जातो, एवढेच त्याचे फळ.

योग्य मार्ग सावकाशीचा आहे. डिकीच्या आतले आवरण सरकवले की दिव्याचे नट किंवा स्क्रू दिसतात. बहुतेक गाड्यांत दोन-तीनच असतात. कनेक्टर सोडवून दिवा बाहेर काढावा, बल्ब व होल्डर काढून ठेवावेत आणि पाणी ओतून तो सावलीत पुरता वाळू द्यावा. नंतर आत काचेच्या सांध्यालगत टिश्यू पेपरच्या पट्ट्या सरकवून बाहेरून पाण्याची बारीक धार सोडावी, तीही खालून वर नेत. जेथे कागद प्रथम भिजेल तेथे भेग. तेवढाच सांधा साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून, कोरडा करून भरावा. थिनर किंवा पेट्रोल लावू नये, दिव्याची ‘काच’ प्लॅस्टिकची असते, ती तडकते. सिलिकॉनही पाहून घ्यावे. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते धातूचे जोड खाते, म्हणून दुकानात ‘न्यूट्रल’ प्रकारचे मागावे आणि लावल्यावर दिवसभर तरी हात लावू नये.

सांधा धड असेल आणि तरीही डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात पाणी सापडत असेल, तर दिवा आणि पत्रा यांमधली पॅकिंग तपासावी. कापडाचे नमुने, औषधांची खोकी किंवा हिशेबाच्या वह्या डिकीतून नेणाऱ्यांनी हा खळगा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडून पाहावा. वरचा गालिचा कोरडा असतो आणि खाली पाणी उभे असते. नवी पॅकिंग बसवूनही पाणी थांबत नसेल, तर मागचा पत्रा पूर्वी ठोकून सरळ केलेला असण्याचा बराच संभव असतो. जुनी गाडी घेताना ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. दोन्ही दिव्यांपैकी एकातच पाणी असेल, तर विक्रेत्याला अपघाताबद्दल स्पष्ट विचारावे.

खर्चाचा हिशेबही मांडून ठेवावा. बल्बच्या दिव्यात दुर्लक्ष झाले तर बल्ब आणि होल्डरवर भागते. एलईडीच्या दिव्यात सर्किट भिजले की बहुधा अख्खा दिवाच बदलावा लागतो. विम्याकडून आशा धरू नये, कारण झीज आणि विद्युत बिघाड नेहमीच्या वाहन विम्यातून वगळलेले असतात. वॉरंटीची मुदत शिल्लक असेल तर दिवा घरी उघडूच नये, साचलेल्या पाण्याचे छायाचित्र काढून गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवावी.

दिवा परत बसवताना नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू करकचून आवळली तर पॅकिंग दुसरीकडे उचलली जाते. पुढे तपासणीला दुसरा माणूस हाताशी नसेल, तर संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करावी आणि ब्रेक दाबून आरशात पाहावे. भिंतीवर लाल उजेड दोन्ही बाजूंना सारखा पडला पाहिजे.